दुसरा निरोप

डोंगरांतून अजून रस्ते गेले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका दरीत सात गावं होती. एका गावाहून थेट दुसऱ्या गावी जाणारं माणूस क्वचितच मिळे. म्हणून तिथे एक रीत होती. ज्याला निरोप धाडायचा, तो ताडाच्या पानावर लिहून पान वेळूच्या नळीत घाली, तोंडाला लाखेची मोहर करी आणि त्या दिशेने निघालेल्या वाटसरूकडे देई. वाटसरू जमेल तिथवर नेई, मग पुढे जाणाऱ्याच्या स्वाधीन करी. कधी आठ दिवस लागत, कधी महिना, पण निरोप पोहोचे.

रायबा मीठ विकायचा. बैलावर गोण्या लादून तो सातही गावं फिरे, त्यामुळे सगळ्यांच्या नळ्या त्याच्याच गळ्यात पडत. आधी तो आनंदाने नेई. पण त्याचे स्वतःचे निरोप लोक कुठेही टाकून विसरत. आई आजारी असल्याचा निरोप तर तिचं तेरावं उलटल्यावर त्याच्या हाती पडला. तेव्हापासून त्याचं मन विटलं. हसतमुखाने नळ्या घ्यायच्या आणि खिंडीतल्या ओढ्यात सोडून द्यायच्या, असं सुरू झालं. विचारणार कोण?

एकदा सगळ्यात वरच्या गावच्या पाटलाने त्याला एक नळी दिली. ती सगळ्यात खालच्या तळवाडीला लवकर पोहोचवायची होती. वाटेत घबराट नको, म्हणून आत काय आहे ते पाटलाने सांगितलं नाही. अशीच एक नळी लोकरवाल्या हैबतीकडेही दिली आहे, एवढं मात्र तो बोलला.

मग हैबती नेईलच की, असं म्हणून रायबाने आपली नळी ओढ्यात सोडली.

गावोगाव मीठ विकत, रमतगमत बारा दिवसांनी तो तळवाडीच्या वळणावर आला, तेव्हा त्याला वाटलं, आपली वाट चुकली. जिथे घरं होती तिथे नुसता चिखल आणि धोंडे. बैल पुढे पाऊल टाकेना. एका धोंड्यावर सगुणा म्हातारी बसली होती. वर्षानुवर्षं ती त्याच्याकडूनच मीठ घ्यायची. तिने सांगितलं, वरच्या गावच्या तळ्याचा बांध फुटला. अकरा घरं वाहून गेली. चौदा माणसं गेली, त्यात तिचे दोन नातू.

हैबतीची नळी आली नाही का, असं रायबाने विचारलं.

"आली होती," म्हातारी म्हणाली. "पण मोहर फुटलेली. आत लिहिलं होतं, बांधाला भेग पडलीय, गाव सोडा. आम्हाला वाटलं, गाव रिकामं करून लुटायचा कुणाचा तरी डाव असेल. दुसरा निरोप आला की खरं मानू, असं ठरवलं. चार दिवस वाट बघितली, बाबा."

रायबा गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण त्याच्या तोंडून शब्द निघून गेले, "तो माझ्याकडे होता."

म्हातारीने त्याच्याकडे बघितलं. तिने शिवी दिली नाही, ती रडलीही नाही.

पुढे सातही गावांचे पंच जमले. निव्वळ कुतूहलापोटी मोहर फोडली, असं हैबतीने कबूल केलं, आणि आईचा निरोप उशिरा मिळाल्यापासून आपण नळ्या ओढ्यात सोडत होतो, हे रायबाने. दोघांना डोंगराबाहेर घालवा, असं सगळे म्हणाले. तेव्हा सगुणा उठली.

"यांना घालवाल, पण रायबाच्या आईच्या आजाराचा निरोप कुणी अडकवला, ते कोण सांगणार? आपल्यातलंच कुणीतरी होतं ना?"

शेवटी दोघांना घालवायचं रद्द झालं आणि नवी रीत ठरली. नळी नेणाऱ्याने आपल्या रंगाचा दोरा देणाऱ्याला खूण म्हणून द्यायचा, आणि ती पोहोचल्याचं कळलं की देणाऱ्याने तो दारावर बांधायचा. ज्याचे दोरे गावोगाव दारांवर दिसतील, त्याचे निरोप सगळ्यांनी आधी न्यायचे. आणि फुटकी मोहर दिसताच नळी जिथून आली तिथे माणूस धाडून खात्री करून घ्यायची.

रायबाने मरेपर्यंत एकही नळी चुकवली नाही. पण तळवाडीत त्याच्याकडून पुन्हा कुणी मीठ घेतलं नाही.

बोध एवढाच: दुसऱ्याचा निरोप आपला मानून, जसाच्या तसा पुढे नेणारी माणसं असतील, तरच संकटाची हाक वेळेवर पोहोचते.