पिवळ्याची सैल गाठ

फार जुन्या काळी विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पक्षी घरटी विणत. घर निवडण्याआधी माद्या म्हाताऱ्या सुतारपक्ष्याला विचारत, कारण तो प्रत्येक घरटं स्वतः ठोकून बघायचा.

तो आला की पिवळ्या नावाचा सुगरण त्याला टपोऱ्या अळ्या भरवी, गोड गोड बोले आणि घरट्यामागे काही फिरकू देत नसे.

एकदा सुतारपक्षी म्हणाला, "बाळा, पोट भरलं. पण माद्यांना सांगू काय? घर कुठे दाखवलंस?"

पिवळ्याचा चेहरा उतरला. "काका, मागे एक गाठ सैल आहे. वाऱ्यात सुटेल."

सुतारपक्ष्यानं ती ओढून पाहिली. "वाळलेलं पातं काढ, हिरवं घाल."

संध्याकाळी त्यानं माद्यांना सांगितलं, "पिवळ्याची एक गाठ सैल होती. त्यानंच दाखवली."

पुढचं ऐकायला एक मादी थांबलीच नाही. ती पिवळ्याच्या घरट्याकडे उडाली होती.