न लिहिलेला नकार

एके काळी एक व्यापारी पितळी घंटा ओतण्याचा कारखाना चालवीत असे. पदरी साठ कामगार होते. त्यांच्या रजांचे पुस्तक ज्याच्या हाती होते, तो तरुणपणी याच कारखान्याच्या, आता वृद्ध झालेल्या कारकुनाकडे हे काम शिकला होता. त्या वृद्धाला तो अजूनही गुरुजी म्हणे आणि स्वतःला त्याचा शिष्य.

कारखान्याचा नियम सरळ होता. वीस दिवस काम केले की एक दिवसाची भरपगारी रजा नावावर जमा होई. वर्ष पाडव्याला सुरू होई आणि फाल्गुनाअखेर न घेतलेली रजा बुडे. पण कामगाराने लेखी अर्ज केला आणि कामाच्या निकडीमुळे तो नामंजूर झाला, तर तेवढी रजा बुडत नसे. ती पुढच्या वर्षाच्या खाती धरली जाई. हे कलम त्या वृद्धानेच कधीकाळी लिहून घेतले होते.

ज्येष्ठ महिन्यात व्यापाऱ्याने शिष्याचा सत्कार करायचे ठरवले. शिष्याने दहा वर्षांत एकाही रजेच्या अर्जावर ‘नामंजूर’ लिहिले नव्हते. असा कारभार पंचक्रोशीत दुसरीकडे नाही, असे व्यापारी सांगत असे. शाल आणली गेली. ती गुरूच्या हातून पांघरावी म्हणून वृद्धाला बोलावणे गेले.

वृद्ध आदल्या दिवशीच आला. चहा घेऊन म्हणाला, “नामंजूर अर्जांची फाईल दाखव.”

शिष्याने हसून फाईल पुढे ठेवली. “रिकामी आहे, गुरुजी.”

“आता रजांचे पुस्तक.”

वृद्धाने चष्मा पुसला आणि पाने उलटायला सुरुवात केली. प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला बुडालेल्या रजांचा रकाना होता. अकरा. नऊ. चौदा. एकही ओळ रिकामी नव्हती. एका नावावर त्याचे बोट थांबले.

“हा केरबा कोण? गेल्या वर्षी पंधराच्या पंधरा बुडाल्या. यंदा खाती तीनच दिसतात.”

“भट्टीवर असतो. फार चांगला माणूस.”

“बोलाव त्याला.”

केरबा आला. भुवया धगीने भाजून विरळ झालेल्या. वृद्धाने त्याला बसायला सांगितले. तो उभाच राहिला.

“वर्षभरात एकही रजा घेतली नाहीस? गावी कुणी नाही?”

“बाप हाय की. काचबिंदू झालाय त्याला. डाक्टर म्हनला, आपरेशन करा न्हाईतर नजर जाईल. माझ्याबिगर कोन हाय त्याला? जायला दोन दिस, यायला दोन दिस, वर दवाखाना. पंधरा दिस तरी पायजेत.”

“मग मागितली का नाहीस?”

केरबाने शिष्याकडे पाहिले आणि चटकन मान वळवली. “मागितली हुती. आषाढात. मग गनपती झाल्यावर. दिवाळीला, आन् पौषात. साहेबांनी कधी न्हाई म्हनलं न्हाई बगा. लई ग्वाड मानूस, गुळाची ढेप. खांद्यावर हात ठेवत्यात आन् म्हनत्यात, केरबा, तुमच्याशिवाय भट्टी कशी पेटायची? पुढच्या महिन्यात नक्की. कागद माझा मलाच परत देत्यात.”

“ते कागद आहेत?”

“फाडनार हुतो. पन अक्षर पोरीचं हाय, म्हटलं ऱ्हाऊ दे.”

त्याने कमरेची पान-तंबाखूची चंची सोडली. आतून चार घड्या निघाल्या, चुन्याचे डाग पडलेल्या. वृद्धाने त्या उलगडल्या, तारखांच्या क्रमाने मेजावर मांडल्या आणि शिष्यापुढे दौत सरकवली.

“चारही अर्जांवर ‘नामंजूर’ लिही.”

शिष्य गोंधळला. “गुरुजी, याच्या बापाचे डोळे जात आहेत आणि मी नामंजूर लिहू? मी तर आत्ता जा म्हणायला तयार आहे.”

“कशाच्या बळावर? खाती तीन दिवस आहेत. बाकीचे दिवस बिनपगारी काढू दे म्हणतोस?”

शिष्याने पुस्तकातल्या त्या तीनच्या आकड्याकडे पाहिले.

“लिही. अर्ज त्या दिवशी हाती आला, कामाच्या निकडीमुळे मी तो तोंडी परतवला, आज नामंजूर नोंदवतो. खाली सही आणि तारीख आजची. मागची घालू नकोस.”

“हे शेठजी वाचतील,” शिष्य हळूच म्हणाला. “उद्या शाल आहे.”

वृद्धाने केरबाला बाहेर थांबायला सांगितले. मग तो बोलला. “नकार तू चार वेळा दिलासच. फक्त लिहिला नाहीस. लिहिला असतास तर तुला क्षणभर वाईट वाटले असते, आणि त्याचे पंधरा दिवस सुरक्षित राहिले असते. तू गोड बोललास, त्यात तुझे नाव राहिले आणि त्याचे दिवस गेले. वीस दिवस धगीपुढे उभे राहून त्याने एकेक दिवस मिळवला होता. तो तुझ्या चांगुलपणावर खर्च झाला. या रकान्यात एकट्या केरबाचेच दिवस नाहीत.”

शिष्याने लेखणी उचलली. पहिल्या अर्जावर सही करताना त्याचे लक्ष मजकुराकडे गेले. मुलीने लिहिले होते, ‘आजोबांना उजव्या डोळ्याने अजून थोडे दिसते.’ चौथ्या अर्जात ते वाक्य नव्हते. दहा वर्षांत हाती आलेले अर्ज त्याने कधी शेवटपर्यंत वाचलेच नव्हते. शाई वाळेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते कागद आणि तो रकाना त्याने स्वतः व्यापाऱ्यापुढे ठेवले. व्यापाऱ्याने चारही कागद वाचले, मग रकाना पहिल्या पानापासून वाचला. “हे वाचायचे माझेही काम होते,” एवढेच तो म्हणाला. शाल घडीतच राहिली. पंधरा आणि तीन असे अठरा दिवस मांडून केरबाची रजा त्याच सकाळी मंजूर झाली.

केरबा एकोणिसाव्या दिवशी भोंग्याआधी हजर झाला. हातात शेंगांचे गाठोडे होते.

“वडील कसे आहेत?” शिष्याने विचारले.

“डावा वाचला, साहेब. उजवा गेला. गेल्या दिवाळीपातूर आनला असता तर तोबी ऱ्हायला असता, असं डाक्टर म्हनला.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्याने गाठोडे मेजावर ठेवले. “ह्या शेंगा म्हाताऱ्यानं तुमास्नी धाडल्यात. म्हनला, तुझा साहेब देवमानूस, अठरा दिस सुट्टी दिली.”

शिष्याने गाठोड्याला हात लावला नाही.

“मी दिली नाही, केरबा. ती तुमचीच होती. मी अडवून ठेवली होती. त्यांना तसेच सांगा.”

केरबाने गाठोडे मेजावर आणखी आत सरकवले. “ते मला ठावं हाय, साहेब,” तो म्हणाला. “पन त्याला कशाला सांगू?” आणि तो भट्टीकडे गेला.

त्या वर्षी नामंजूर अर्जांच्या फाईलमध्ये सात कागद लागले आणि बुडालेल्या रजांचा रकाना प्रथमच कोरा राहिला. गोड शब्दांनी कुणाला परत पाठवताना आपणही एकदा पाहावे, त्याच्या हातातला कागद आपण शेवटपर्यंत वाचला आहे का.