धर्मा नाखवाच्या होडीचा तळ

धर्मा नाखवाच्या चार होड्या होत्या आणि अख्खं बंदर त्याच्या शब्दावर चालायचं. त्याच्या हिरड्यांतून रक्त यायचं, दोन दात हलायला लागले होते. पण दातांच्या डॉक्टर शलाका साफसफाईचं बोलल्या की तो उखडायचा.

"खरवडायचं नाव काढू नका. जंतू मारायच्या गोळ्या द्या. नाहीतर उद्यापासून बंदरावरचं कुणी तुमची पायरी चढणार नाही."

तीनदा त्याने गोळ्या घेतल्या होत्या. तिन्ही वेळा सूज उतरली आणि परत आली.

शलाकांनी खिडकीबाहेर पाहिलं. किनाऱ्यावर ओढलेल्या त्याच्याच होडीच्या तळाला चिकटलेले शिंपले माणसं खरवडत होती.

"देते गोळ्या. पण आधी त्या माणसांना थांबवा. शिंपल्यांवरूनच रंग मारू दे. रंग माझ्याकडून."

"डोकं ठिकाणावर आहे का बाई? शिंपल्यांखाली फळी सडेल माझी!"

शलाकांनी आरसा त्याच्या हातात दिला.

ओठ वर करून नाखवा बराच वेळ दातांच्या मुळाशी साचलेला टणक थर बघत राहिला.

"आणि गोळ्या?" त्याने हळूच विचारलं.

"खरवडल्यावर बघू. लागतीलच असं नाही."

नाखवा खुर्चीत मागे रेलला. "खरवडा मग. पण फळी सांभाळून."