डोळ्यांवरचं धुकं

ग्वाटेमालातल्या एका तळ्याकाठी माया लोकांचं गाव आहे. तिथल्या भिंतीवर मक्याच्या पहिल्या माणसांचं चित्र आहे. सगळ्यांचे डोळे पांढुरके पुसट. पाहुण्यांना वाटतं, पावसानं रंग गेला. म्हातारे पास्कुआल मान हलवतात.

"पावसानं नाही. अंगठ्यानं."

मग ते सांगू लागतात. देवांनी मक्याच्या पिठाची माणसं घडवली. त्यांना डोंगरापलीकडचं, उद्याचं, सगळंच दिसे. म्हणून देवांनी त्यांच्या डोळ्यांवर फुंकर घालून धुकं बसवलं. त्या आठवणीनं पेरणीआधी हे चित्र काढत, पण डोळे मिटलेले.

गावातल्या इश्केम नावाच्या बाईच्या घरात हे काम आजीपासून चालत आलेलं. एका वर्षी तिचा मुलगा तोख मीठ आणायला डोंगरापलीकडे गेला, तो परतला नाही. त्या पेरणीला इश्केमनं डोळे उघडे काढले. आणि त्या डोळ्यांत तिला तोख दिसला, म्हणे. दरीत पडलेला. मिठाची करंडी फुटलेली, मीठ पावसात विरघळत चाललेलं.

ती रडली नाही. पाटा-वरवंटा भिंतीपाशी आणला आणि तिथेच बसून मका वाटू लागली. वाटायचं, बघायचं. तोखच्या अंगावर गवत चढत होतं.

गावही बघायला लोटलं. कुणाला गारांनी झोपलेलं पीक दिसलं, कुणाला बायकोची तिरडी. पेरायला कुणी उठेना. पाऊस येऊन चालला, बियाणं घरातच राहिलं.

शेवटी शेजारची मारुका आली. "इश्केम, मला माझ्या मरणाचा दिवस दिसला गं. एवढं लुगडं विणायला घेतलंय, ते अर्धंच राहणार म्हणे! आता धोटा हातात धरवत नाही. पूस बाई ते डोळे."

"पुसले तर तो दिसायचा नाही."

"नाही दिसायचा," मारुका म्हणाली.

इश्केमनं वरवंटा बाजूला ठेवला. मग मका शिजवलेल्या चुन्याच्या पाण्यात तिनं अंगठा बुडवला आणि एकेक डोळा पुसत गेली. शेवटच्या डोळ्यात गवतातून तोखची एक वहाण तेवढी दिसत होती. तिनं ती पाहिली. अंगठा टेकवला.

हात धुतले, बियाण्याची झोळी उचलली आणि शेतात गेली. तळ्यावर त्या सकाळी पहिल्यांदा धुकं उतरलं, असं सांगतात.

आजही दर पेरणीला डोळे उघडे काढतात आणि लगेच पुसतात. शेवटचा डोळा, ज्याच्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं, त्यानं पुसायचा. यंदा तो पास्कुआलांनी पुसला.

"काय दिसलं, आजोबा?" पाहुणे विचारतात.

"धुकं," ते म्हणतात, आणि शेताची वाट धरतात.