उतरलेला पंचम

एकदा एक कापडाचा व्यापारी गावातल्या वृद्ध गायनगुरूंकडे आला आणि हात जोडून म्हणाला, "बुवा, वडील गेल्यापासून आईने भिंतीकडे तोंड केलंय. बोलत नाही, दोन घोटांपलीकडे पेज घेत नाही. वैद्यांनीही हात टेकले. गाण्याने मन थाऱ्यावर येतं म्हणतात, तर तिला चार सूर ऐकवा. तिला गायला मात्र लावू नका. आता ते शोभत नाही, लोक नावं ठेवतात."

बुवांच्या कपाळाला आठी पडली, पण ते गेले. सोबत त्यांची थोरली शिष्या होती. तिला आपल्या गळ्याचा अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता. तीन दिवस त्या माउलीच्या उशाशी बसून ती जीव ओतून गायली. मुलाचे डोळे पाणावले, स्वयंपाकीणबाई दारात खिळून राहिल्या. म्हातारी तेवढी हलली नाही. शिष्या मनातून पार खचली.

चौथ्या दिवशी बुवांनी म्हातारीचाच तानपुरा मागितला. चाळीस वर्षं तिच्या हातातला तो तानपुरा तेराव्यानंतर मुलाने गवसणीत घालून ठेवला होता. बुवांनी तो मन लावून जुळवला आणि मग सर्वांसमक्ष पंचमाची खुंटी ढिली केली.

"बुवा, पंचम उतरलाय!" शिष्या कुजबुजली.

"माझे कान शाबूत आहेत. तू गा."

बिचारी गायला लागली. तारेचा तो बेसूर कानात शिरत होता आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बुवा आपले शांतपणे तार छेडत होते. अंथरुणात आधी पाय हलले, मग मान वळली. एकाएकी पांघरूण भिरकावून म्हातारी उठून बसली.

"कान फुटले का तुमचे? आणा तो इकडे!"

तिने खुंटी पिळली, पंचम जागेवर आणला आणि घोगऱ्या आवाजात षड्ज लावला.

"आई, अगं, लोक काय म्हणतील?" मुलगा घाबरून म्हणाला.

"म्हणू देत! हा गळा मला तुझ्या वडिलांनी दिला नव्हता, आणि त्यांच्याबरोबर तो चितेवरही गेला नाही. जा, पेज आण. उपाशीपोटी सूर टिकत नाही."

परतताना शिष्येला राहवेना. "बुवा, मग माझं तीन दिवसांचं गाणं वायाच गेलं ना?"

"गाणं औषध आहे, बाई," बुवा म्हणाले. "पण तिचं दुखणं काय होतं? त्या घरात तिला सगळेच काही ना काही देत होते. काढा, पेज, तुझं गाणं. तिच्यावाचून अडतंय असं मात्र काहीच उरलं नव्हतं. ज्याचा गळा दाबलाय त्याला दुसऱ्याचं गाणं किती पाजणार? मी तिचं काम तिला ऐकू जाईल असं बिघडवलं, एवढंच. संताप आला, म्हणजे जीव शाबूत होता."

दुसऱ्या दिवशी शिष्या पुन्हा गेली, पण गायला नाही. मागे बसून तानपुरा धरायला. म्हातारीने तिला दोनदा टोकलं, आणि तिने ते आनंदाने ऐकून घेतलं. मग सूर लावण्याआधी म्हातारीने रस्त्याकडची खिडकी उघडायला सांगितली. मुलगा क्षणभर घुटमळला, आणि उठून त्यानेच ती सताड उघडली.