डाव्या डोळ्याचं पाणी

“महाराज, संन्याशानं पूर्वाश्रम उकरून काढावा का?”

विमुक्तानंदांनी हे विचारलं तेव्हा गुरुशिष्य स्कॅन सेंटरच्या बाकावर बसले होते. महिनाभर विमुक्तानंदांचं डोकं ठणकत होतं, म्हणून एमआरआय काढायचा होता. आत कुणाची तरी तपासणी चालली होती, दाराआडून यंत्राची ठकठक येत होती. पुढचा नंबर यांचाच. संन्यास घेतला म्हणून काय झालं, तळव्यांना घाम सुटायचा तो सुटलाच.

त्यांचे गुरू, म्हातारे अच्युतस्वामी, त्यांच्याकडे वळून बसले.

“इथल्या ताईंनी फॉर्म दिला. लोखंडाचं काम केलंय का, डोळ्यात लोखंडाचा कीस गेला होता का... मी सगळीकडे ‘नाही’ लिहिलं.”

“आणि खरं काय?”

“नऊ वर्षं कारखान्यात लेथवर लोखंड कातत होतो. एकदा कीस उडाला डोळ्यात. पण तो लेथवरचा वामन आता उरलाय कुठे? संन्यास घेताना मीच त्याचं श्राद्ध घातलं.”

“अंगावर काही?”

“रुद्राक्षाची माळसुद्धा काढली, तिला तार होती. लोखंडाचा कण नाही.”

एवढ्या भीतीतही थोडी फुशारकी होतीच.

स्वामींनी त्यांच्या डाव्या डोळ्याखाली अंगठा टेकवला. अंगठा ओला झाला.

“हा का गळतो?”

विमुक्तानंदांनी डोळा पुसला. भजनात हा डोळा वाहायचा आणि माणसं म्हणायची, केवढा हा भाव. त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. हळूहळू त्यांनाही ते खरं वाटू लागलं होतं.

“देवाच्या आठवणीनं...”

“एकाच डोळ्याला आठवण येते होय रे?”

ठकठक थांबली. दार उघडून ताई बाहेर आल्या.

“स्वामीजी, चला. शेवटचं विचारते. डोळ्यात कधी कीस गेला असेल तर आत्ताच सांगा, आधी एक्स-रे काढू. आतला चुंबक कीस हलवतो, नजर जाऊ शकते.”

समोरच्या बाकावर मठातली चार माणसं कान देऊन बसली होती. विमुक्तानंदांनी गुरूंकडे पाहिलं.

“महाराज... मी लोखंड सोडलंय हो.”

“तू सोडलंस. त्यानं तुला सोडलंय का, ते या ताईंना बघू दे.”