शेवग्यावरचा भारद्वाज

"मग बुवा, भारद्वाज खोटा कसा ठरला?"

सदानंदानं विचारलं. मठाच्या ओसरीवर तात्याबुवा वाती वळत बसले होते.

शेजारच्या घरातून रडण्याचा आवाज येत होता. यशवंता दुपारीच गेला. लेक सुरतेहून यायची होती, म्हणून अजून उचललं नव्हतं.

सदानंद हा बुवांचा शिष्य. शकुन सांगण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. निदान त्याचं तरी तसं म्हणणं होतं. म्हैस कधी विणार इथपासून पोरीचं कधी जमणार इथपर्यंत, लोक बुवांना ओलांडून त्याच्याकडे जायचे. आणि तोही छाती पुढे काढून सांगायचा.

आज सकाळी मठाच्या परसात, शेवग्यावर, त्याला भारद्वाज दिसला. या परसात कधी न फिरकलेला पक्षी. काळाभोर, तांबूस पंखांचा, गुंजेसारख्या लाल डोळ्यांचा.

त्याच वेळी शेजारी यशवंताच्या छातीत कळा येत होत्या. तालुक्याला न्यायला दारात जीप उभी होती.

सदानंदानं कुंपणावरूनच यशवंताच्या बायकोला हाक दिली होती, "इंदूवहिनी, बाहेर या आधी! साक्षात भारद्वाज! आता कसला दवाखाना न् कसलं काय! हात जोडा आणि जीप परत पाठवा."

तिनं हात जोडले. जीप परत पाठवली.

"वहिनी सारखं एकच विचारताहेत," सदानंद म्हणाला. "'भाऊजी, माझं काय चुकलं?'"

"तू काय सांगितलंस?"

"अजून काही नाही. पण मला आठवलं बुवा... उडाला तेव्हा तो वहिनींच्या डावीकडून गेला. शकुन उलटला तो तिथंच. तसंच सांगतो त्यांना. म्हणजे मग..."

"म्हणजे मग?"

"म्हणजे मग कोणाकडेच दोष जात नाही."

बुवांनी अर्धी वळलेली वात खाली ठेवली.

"कुठे बसला होता? दाखव."

दोघं परसात आले. शेवग्याच्या बुंध्याशी मेंदीचं दाट झुडूप होतं. बुवांनी वाकून फांद्या बाजूला केल्या.

आत बुलबुलाचं घरटं. एका अंगानं फाटलेलं. रिकामं. खाली मातीत दोन-चार कोवळी पिसं.

सदानंदाचा आवाज खाली आला. "सकाळी... त्याच्या चोचीत काहीतरी होतं खरं. मला वाटलं, सरडा असेल."

बुवा मागे सरले. त्यालाही हातानं मागे ओढलं.

थोड्या वेळानं बुलबुल आली. चोचीत हिरवी अळी. घरट्याच्या कडेवर बसली, आत डोकावली. उडी मारून पलीकडे गेली, तिकडून डोकावली. शेवग्यावर जाऊन बसली... पुन्हा खाली आली.

अळी चोचीत तशीच.

कुंपणापलीकडून इंदूचा बसका आवाज आला. "सदाभाऊजी, आहात का हो तिकडे? सांगा ना मला... काय चुकलं माझं?"

"आलो, वहिनी," सदानंद म्हणाला आणि निघाला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"आधी हिला सांग," ते बुलबुलच्या घरट्याकडे बोट करून म्हणाले, "डावीकडून गेला म्हणून."